चौतिसावा आठवडा

डोहाळेजेवणाच्या पंगतीत पोटातल्या बाळाच्या कागदपत्रांवर चर्चा चालली होती आणि मी मसालेभात वाढत होते. घर माझं, स्वयंपाक माझा, त्यामुळे उठून जायचीही सोय नव्हती. हातातला डाव एखाद्याच्या टाळक्यात घालावा असं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलं आहे. त्या दुपारी दोनदा वाटलं.

जिचं डोहाळेजेवण होतं ती मुलगी नात्याने माझी कोणी नाही. मूळची नागपूरची. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला, आमच्या टाउनहाउसच्या रांगेत तीन दारं सोडून राहते. ती आणि तिचा पुण्याचा नवरा, दोघंही कॉम्प्युटरवाले, दोघंही कामाच्या व्हिसावर, इथे येऊन अकरा वर्षं झालेली. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्यांचा नंबर इतका मागे आहे की तो लागेपर्यंत दोघांचे केस पांढरे होतील, तरी कायद्याच्या भाषेत ते 'तात्पुरते'. तिच्या आईला व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच मिळाली नाही. ते कळलं त्या दिवशी ती माझ्या जिन्यात बसून रडली. मी म्हटलं, रडू नकोस, तुझं डोहाळेजेवण मी करते. जानेवारीत मोगरा कुठला मिळायला? किराणा दुकानातून पांढरे कार्नेशन आणले आणि त्यांचीच वाडी गुंफली. त्यात ती छान दिसत होती.

त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्षांचा नवा हुकूम निघाला होता. आई तात्पुरत्या व्हिसावर, बाप नागरिक नाही आणि ग्रीन कार्डवालाही नाही, अशा जोडप्याला तीस दिवसांनंतर इथे मूल झालं तर त्याला या देशाचा नागरिक धरायचं नाही. इथे जन्मलं की इथलं, हे तोवर सगळे गृहीत धरून चालले होते. एका न्यायाधीशाने हुकूम लगेच रोखला खरा, पण ती स्थगिती किती दिवस टिकेल हे कोणी छातीठोकपणे सांगेना. तीस दिवसांची मुदत फेब्रुवारीत संपत होती आणि हिची तारीख होती एप्रिलच्या सुरुवातीची. बाळ रेषेच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच सगळा प्रश्न. तो माझ्या टेबलावर अळूवडीबरोबर चघळला जात होता.

चघळणाऱ्यांत पुढे होते काका. आमच्या भागातल्या मराठी लोकांमधले ज्येष्ठ, बायकांचे डॉक्टर, आता निवृत्त. गणपतीत आरतीचं तबक पहिलं त्यांच्या हातात जातं. त्यांनी श्रीखंडाचं बोट चाटलं आणि म्हणाले, "नुसतं इथे जन्मून भागत नाही. घटनादुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय, इथल्या ज्युरिस्डिक्शनखाली, कायद्याच्या अधिकाराखाली असावं लागतं. आता हे व्हिसावाले टेम्पररी लोक. त्यांची निष्ठा दुसऱ्या देशाला. आणि आपल्याकडे तरी कुठे आहे असं? भारतात नुसतं जन्मून कोणी नागरिक होतं का आता? आम्ही इथे रीतसर आलो, रांगेत उभे राहून."

व्हिसावाले टेम्पररी लोक समोरच बसले होते. एकाच्या ताटात काका स्वतःच्या हाताने जिलबी वाढत होते.

आता या काकांचा थोरला मुलगा कुठे आणि कसा जन्मला हे त्या खोलीत ते स्वतः सोडले तर फक्त मला माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वी मध्य-पश्चिमेतल्या एका थंडगार गावात काका शिकाऊ डॉक्टर होते, तात्पुरत्या व्हिसावर. माझा नवरा विद्यार्थी, तोही तात्पुरत्या व्हिसावर. त्यांच्या बायकोच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मी करून नेले आणि तीन महिन्यांनी माझी मुलगी झाली तेव्हा त्याच डब्यातून तिने मला परत आणून दिले. दोन्ही मुलं जन्मल्या क्षणापासून इथली नागरिक. आईबापांची निष्ठा कोणत्या देशाला आहे, हे आमच्यापैकी कोणाला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काकांनी काय उत्तर दिलं असतं तेही मला ठाऊक आहे. त्या वर्षी त्यांची परत जायची तिकिटं काढून झाली होती.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आम्ही सामानात बांधून आणली आणि इथे ती अजून ताजी आहे. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडलेला माणूसच पुढच्या स्टँडवर सगळ्यांत मोठ्याने ओरडतो, की आता जागा नाही. अशा माणसांचा मला राग यायचा. त्या दिवशी मात्र राग आला नाही, किळस आली. जेवणात केस निघावा आणि समोरच्याने तो बाजूला काढून पुढचा घास घ्यावा, तशी.

जेवणं झाल्यावर वाट्यांचा खेळ. दोन वाट्या पालथ्या घालतात, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पोटुशीने एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी दोनच वाट्या मांडल्या होत्या. ती उचलायला वाकली तेव्हा पाटावर तीन होत्या. सगळे तिसरीकडे बघून खुसूखुसू हसत होते, म्हणून तिने ती उचलली. खाली टूथपिकला चिकटवलेला इवलासा अमेरिकन झेंडा. केकवर टोचतात ना, तसला.

"लागली लॉटरी!" काका टाळी वाजवून म्हणाले. "आता नवऱ्याला सांग, लवकर आटप."

खोली खदखदून हसली. ती पण हसली, पाहुणी म्हणून हसावं लागतं तसं. मी हसले का? हसले. तोंड हसलं, आणि ते मला दिसलं, कारण समोर आरसा होता. ती मग हात धुवायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मी पाहायला गेले तर बाथरूममध्ये उभी राहून दंडावरची फुलं सोडत होती.

"मावशी, खरंच असं आहे का?" तिने विचारलं. "आम्ही ज्युरिस्डिक्शनमध्ये नाही का?"

तिने मला विचारायला कारण होतं. मी इथल्या वाचनालयात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर तिथेच दर शनिवारी नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग घेते. मुलांकडे राहायला आलेले, आता नागरिक होऊ पाहणारे आपले आजी-आजोबा येतात. त्यांच्याकडून संविधानाचे प्रश्न घोकून घेते. त्यामुळे टाउनहाउसच्या रांगेत मी घटनातज्ज्ञ ठरले आहे.

मी तिला माझ्या गाडीची गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी किराणा दुकानाबाहेर एका चकचकीत गाडीने मागे घेताना माझं दार चेपलं. गाडीला परदेशी वकिलातीची नंबरप्लेट होती. पोलीस आला, प्लेट बघितली, माझं नाव-गाव लिहून घेतलं आणि हळूच म्हणाला की, बाई, इथे मला फारसं काही करता येणार नाही. अधिकारक्षेत्राबाहेरचा माणूस मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला. त्याला घाई होती आणि त्याने साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही. अशा माणसाचं मूल इथे जन्मलं तर ते इथलं नागरिक होत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तुझ्या नवऱ्याला टोल रोडवर भरधाव चालवताना पकडलं तेव्हा काय झालं? कोर्टात हात बांधून उभा राहिला, दंड भरला आणि आठवडाभर मान खाली घालून फिरला. तो जर म्हणाला असता की मी टेम्पररी आहे, माझ्यावर तुमचा अधिकार चालत नाही, तर त्याला कोणी सोडलं असतं का? ज्याला हा देश पकडू शकतो, दंड करू शकतो, तुरुंगात घालू शकतो, तो या देशाच्या अधिकाराखाली नाही तर कोणाच्या?

ती जरा हसली. मग मी तिला बाकीचंही सांगितलं. ते वाक्य घटनेत का आलं ते. गुलाम मोकळे झाले, पण त्यांची इथेच जन्मलेली मुलंबाळं या देशाची नव्हेतच, असं त्याआधी इथल्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हणून ठेवलं होतं. यादवी युद्धानंतर ते पुसून टाकायला ही दुरुस्ती केली, म्हणजे पुन्हा कोणाच्या मर्जीवर हे राहू नये. नंतर सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला एक चिनी आईबापांचा मुलगा सव्वाशे वर्षांपूर्वी परदेशी जाऊन परत आला, तर त्याला बोटीवरून उतरू देईनात. तो कोर्टात गेला आणि जिंकला. त्याच्या आईबापांना तर कायद्याने कधीच नागरिक होता येत नव्हतं.

दाराबाहेरून काकांचा आवाज आला. "ते आईबाप इथे कायमचे राहत होते म्हणून! हे नाहीत!" काका मूर्ख नाहीत, वाचतात. म्हणूनच जास्त शिसारी येते. हात पुसायला आलेल्या माणसाने बाथरूमच्या दाराशी उभं राहून दोन बायकांचं बोलणं ऐकावं आणि आतल्या पोरीला ऐकू जाईल अशा बेताने उत्तर द्यावं!

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की या गोष्टीत मी चांगली बाई आहे. पुढचं ऐका.

मुदत जवळ येऊ लागली तसा त्या मुलीचा नवरा वाळत चालला. वाईट नाही तो. पण भीती माणसाला किती लहान करते ते मी त्याच्यात पाहिलं. फोनवर त्याने एक तक्ता केला होता. एका बाजूला आठवडे, दुसऱ्या बाजूला त्या आठवड्यात बाळाचं वजन किती, फुप्फुसं किती तयार. बाळ पायाळू होतं, पाय खाली आणि डोकं वर, त्यामुळे बहुतेक सिझेरियन होणार असं तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. हे कळताच पुण्याहून सासूबाईंनी पंचांग उघडलं. पाडवा, साडेतीन मुहूर्तांतला एक, त्याच दिवशी करून घ्या. इकडे याने दुसरा मुहूर्त काढला होता, सरकारी. मुदतीच्या आदल्या दिवशीचा. त्या दिवशी चौतिसावा आठवडा चालू असणार होता.

एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. बूट न काढता दारातच उभा राहिला.

"मावशी, स्टे आहे ते ठीक आहे, पण स्टे उद्या उठला तर? सिस्टीमवर माझा विश्वासच नाही राहिला. तिचं नाव घातलंय त्या हॉस्पिटलमध्ये काकांची अजून ओळख आहे. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. तुमचं ऐकतील ते."

"आणि ती काय म्हणते?"

"ती म्हणते, डॉक्टर सांगेल तेव्हा. पण मावशी, तुम्हीच सांगा, बाळ इथलं झालं नाही तर त्याला व्हिसा लागेल. जन्मल्या दिवशी! फॉर्मवर विचारतात, देशात कधी आलात, कुठून आलात. काय लिहू? लेबर रूममधून आलं?"

हसू यायला हवं होतं, पण तो गंमत करत नव्हता.

आणि मी फोन केला. शनिवारी आजी-आजोबांना शिकवते की या देशात कायदा सगळ्यांना सारखा, कोणी कायद्याच्या वर नाही. तोंडपाठ आहे मला. पण अडचण समोर उभी राहिली की आमच्या पिढीचा हात आपोआप ओळखीकडे जातो. गॅसचा सिलिंडर ओळखीने, शाळेतला प्रवेश ओळखीने, रेल्वेचं रिझर्व्हेशन ओळखीने. चाळीस वर्षं इथे राहूनही ती खोड माझ्यात तशीच होती. बाळ कधीही जन्मलं तरी घटनेने ते नागरिकच, हे ज्या तोंडाने मी त्या मुलीला सांगितलं, त्याच तोंडाने म्हणाले, "काका, तुमच्या शब्दाने काही लवकर होईल का बघा ना."

काका एका सेकंदाचाही विचार न करता हो म्हणाले. तेच काका. "आपलीच पोर आहे. तत्त्व वेगळं आणि घरचं माणूस वेगळं. येतो उद्या, बघतो."

"फार उपकार झाले," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर मी साबण लावून हात धुतले. का, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी काका तिच्या घरी आले, मीही गेले. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर लॅपटॉप, नुकतीच मीटिंग संपलेली. काकांनी कोट काढला, तिच्याजवळ बसले आणि न विचारता तिच्या पोटावर हात ठेवला. वरून दाबला, खालून दाबला. जन्मभराची सवय असेल, मान्य. पण ती पेशंट नव्हती, ते डॉक्टर राहिले नव्हते आणि पोट तिचं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. काका इथे कोणाच्या सांगण्यावरून आले ते तिला त्या क्षणी कळलं.

"चौतीस वीक्स. चांगलं आहे," काका म्हणाले. "आजकाल जगतात सगळी. काचेच्या पेटीत ठेवतात थोडे दिवस, मग घरी. तुझी डॉक्टर कारण नसताना हात लावणार नाही, म्हणून कारण आपण द्यायचं. मंगळवारी हॉस्पिटलमध्ये जायचं आणि सांगायचं, सकाळपासून बाळ हलत नाहीये. एवढंच. मुळात पायाळू, त्यात हालचाल नाही म्हटलं की कोणी रिस्क घेत नाही. पुढचं मी माझ्या जुन्या ज्युनिअरशी बोलून ठेवतो."

नवरा फोनकडे बघत होता.

आपल्याकडे भरल्या पोटाच्या बाईसमोर कोणी गेल्याची बातमीसुद्धा सांगत नाहीत. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, म्हणून घरात वावगा शब्द काढू देत नाहीत. मी असल्या गोष्टी मानत नाही असं लोकांना सांगत आले आहे. पण ते वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं आणि मी मनातल्या मनात वास्तुपुरुषाला हात जोडले. जगात कोणत्याही आईने जे बोलायला घाबरावं, ते हिने उभ्या उभ्या खोटं बोलायचं होतं, एका तारखेसाठी. आणि सुचवत होता तो माणूस, ज्याने शेकडो बायकांच्या तोंडून ते वाक्य खरोखर ऐकलं असणार.

"मी नाही म्हणणार असं," ती म्हणाली.

"अगं, नुसतं म्हणायचं आहे."

"हलतंय नं पण ते." तिने त्यांचा हात पोटावरून उचलून बाजूला ठेवला. मग नवऱ्याला म्हणाली, "तुला भीती वाटते, मला समजतं. मला पण वाटते. पण हे मी नाही बोलणार." आणि माझ्याकडे वळून, आवाज जराही न चढवता, "मावशी, तुम्ही तर म्हणाल्या होत्या की कायदा आपल्या बाजूने आहे. मग यांना कशाला बोलावलं?"

मला काही तरी म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "चहा निवतोय." खरोखर एवढंच म्हणाले. काकांची किळस मला आधीपासून होती. स्वतःची त्या दिवशी आली आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

काकांना सोडायला मी बाहेर गेले तेव्हा कुठे मला कंठ फुटला. गाडीपाशी त्यांना विचारलं, "तुमचा थोरला झाला तेव्हा तुम्ही कोणत्या व्हिसावर होतात?"

ते किल्ली शोधत होते. "तेव्हा गोष्ट वेगळी होती," म्हणाले. "तेव्हा देशाला आमची गरज होती."

"लाडू मी आणले होते," मी म्हणाले. "गरज कोणाला कोणाची होती, ते मी पाहिलंय."

ते नाकाने कांदे सोलायचे थांबले नाहीत. पुढच्याच आठवड्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी 'कायद्याचा सन्मान' या विषयावर लांबलचक मजकूर टाकला. खाली चाळीस जणांनी हात जोडले. त्यांत निम्मे व्हिसावाले होते. मी ग्रुप सोडला. सोडला हेसुद्धा कोणाच्या लक्षात आलं नसेल.

मुदतीचा दिवस आला आणि गेला. काही झालं नाही. एकामागून एका न्यायालयाने हुकूम रोखून धरला होता. ती रोज सकाळी घराबाहेर फेऱ्या मारायची. मी खिडकीतून बघायचे, बाहेर जायची हिंमत होत नव्हती. मार्चमध्ये बाळ आपलं आपण फिरलं, डोकं खाली आलं. पाडवा कोरडा गेला, सासूबाई हळहळल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती न सांगता-सवरता बाळंत झाली. मुलगी. मला शेजारच्या कोरियन बाईकडून कळलं. इतकी वर्षं मी लोकांची बाळंतपणं काढली, आणि तीन दारांवरची बातमी मला कोरियन बाईकडून! मी डिंकाचे लाडू केले, डब्यात भरले आणि डबा चार दिवस ओट्यावर तसाच ठेवला.

अकराव्या दिवशी दारावर थाप पडली. ती उभी होती, अंगावर नवऱ्याचा स्वेटर, डोळ्यांखाली काळं.

"मावशी, हिला अंघोळ घालाल का? मला नाही जमत. व्हिडिओ पाहून पाहून घाबरायला होतं."

तिने माफ केलं का, हे मी विचारलं नाही. डबा उचलला आणि गेले. पाय पसरून बसले, पायांवर ती एवढीशी घेतली, तेल लावलं, कोमट पाणी घातलं. आधी किंचाळली, मग पाण्याला सरावली आणि एकदम गप्प झाली. धुरी द्यायला धूप नव्हता, आणि देते तर धुराचा अलार्म कोकलला असता. टॉवेलात गुंडाळली तेव्हा ती गाढ झोपली होती.

तेवढ्यात नवरा पांढरी चादर घेऊन आला. "मावशी, बरं झालं तुम्ही आहात. पासपोर्टचा फोटो काढून घेऊ."

बर्थ सर्टिफिकेट हातात पडलं होतं आणि पासपोर्टचा अर्ज द्यायला पोस्टातली वेळ दुसऱ्या दिवशीची होती. हुकुमावरचा खटला वर चाललाच होता. उद्या वरच्या कोर्टाने काही उलटसुलट ठरवलं तर निदान पासपोर्ट तरी हातात असावा, असा त्याचा हिशेब. चादर गादीवर अंथरली, बाळाला मधोमध ठेवलं. तो स्टुलावर चढला. फोटोत दुसऱ्या कोणाचे हात दिसता कामा नयेत, असा नियम आहे. तिची मान एका बाजूला कलंडायची, मी सरळ करून हात झटकन मागे घ्यायचे, की पुन्हा कलंडायची. जिला अजून स्वतःचं डोकं धरता येत नाही, तिने सरकारकडे एकटीने, आधाराशिवाय, समोर बघायचं होतं.

आणि ती डोळे उघडेना. त्याने टाळ्या वाजवल्या. फोनवर भुंकणारा कुत्रा लावला. मग खाली उतरून ओला कापूस तळपायाला लावला. ती कण्हली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा झोपली. मी म्हटलं, "अरे, एवढ्या लहान बाळाचे डोळे पूर्ण उघडे नसले तरी चालतं, लिहिलंय तसं."

"नको मावशी. रिजेक्ट करायला कारणच द्यायचं नाही. एक पण नाही." आणि त्याने तिच्या तळव्याला टिचकी मारली. पहिली हळू. दुसरी जोरात.

ती रडली. डोळे मात्र घट्ट मिटूनच रडली. अकरा दिवसांची पोर, आणि तिला बाप टिचक्या मारत होता, लाडाने नव्हे, भीतीने. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याला ढकलून द्यावं असं वाटलं आणि त्याच क्षणी जवळ घ्यावं असंही वाटलं. हा हुकूम ज्यांनी काढला, ज्यांनी त्यावर टाळ्या वाजवल्या, त्यांना या खोलीत आणून उभं करावं, हेही वाटलं. बघा म्हणावं, तुम्ही काय केलंत ते.

तो तिसऱ्यांदा वाकला तेव्हा बाळाची आई भिंतीला धरून उठली, हळूहळू चालत आली आणि त्याचं मनगट धरलं.

"झोपू दे तिला."

"अगं, पण डोळे..."

"झोपली असली तरी सिटिझनच आहे नं ती?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी या वेळी चहाचं नाव काढलं नाही. "आहे," मी म्हणाले.

तिने बाळाला थोपटून शांत केलं, मान सरळ केली, आपले हात काढून घेतले. तो स्टुलावर चढला आणि एकच फोटो काढला.

तोच पाठवला. महिन्याभराने पासपोर्ट आला. त्यात ती झोपलेली आहे.